घड्याळ विद्यापीठाचं, वेळ कुणाची?

राजाबाई टॉवरची गोष्ट सांगणारं एखादं रील तुमच्याही फोनवर येऊन गेलं असेल. खालून वर सरकणारा कॅमेरा, मागे बासरी आणि एका मिनिटात उरकलेली कथा. प्रेमचंद रायचंद नावाचे मोठे व्यापारी होते. त्यांची आई राजाबाई डोळ्यांनी अधू होती. जैन असल्यामुळे ती सूर्यास्ताआधी जेवायची. तिला वेळ कळावी म्हणून लेकाने घंटेचा मनोरा बांधून दिला. खाली बदामांचा पाऊस, आणि 'असा मुलगा प्रत्येक आईला मिळो' अशा कॉमेंट.

मनोऱ्याला राजाबाईंचं नाव आहे आणि पैसे प्रेमचंदांनी दिले, एवढं खरं आहे. बाकीच्या गोष्टीकडे जरा सावकाश बघा. प्रेमचंदांचा बंगला भायखळ्याला होता आणि मनोरा फोर्टात, ओव्हल मैदानासमोर. मध्ये पाचेक किलोमीटरचं अंतर आहे. देणगी १८६४ सालची, मनोरा पुरा झाला १८७८ साली. आईच्या रोजच्या जेवणासाठी कुठला मुलगा चौदा वर्षं थांबेल? शिवाय सूर्यास्त घड्याळाच्या काट्यावर होत नाही. आजच्या घड्याळाने मुंबईत नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, तर जुलैच्या सुरुवातीला सव्वासात वाजून गेल्यावर. सूर्यास्त पाळणाऱ्या माणसाला तासाच्या टोल्यांचा उपयोग बेताचाच.

या गोष्टीचा राग येण्याचं काही कारण नाही. आईची गोष्ट सगळ्यांना आवडते. माझा राग वेगळ्या कारणासाठी आहे. या घड्याळाच्या नावावर एक खरी, नोंदलेली आणि आज तुमच्या-माझ्या कामाची गोष्ट आहे. ती कुणी सांगत नाही. एकदा या विद्यापीठाने सरकारला सांगितलं होतं की, आमच्या घड्याळात किती वाजले हे आम्ही ठरवू. त्याची किंमतही मोजली होती. तेच विद्यापीठ आज आपल्याच विद्यार्थ्यांच्या वेळेला कवडीची किंमत देत नाही. आईची गोष्ट गोड आहे आणि तिचा विद्यापीठाला काही त्रास नाही, म्हणून ती चालते. दुसरी गोष्ट सांगितली तर प्रश्न विचारावे लागतील.

कापसाचा पैसा आणि साहेबाची धून

सुरुवात पैशापासून करू. मुंबई विद्यापीठ १८५७ सालचं. सुरुवातीला त्याला स्वतःची इमारतही नव्हती, कारभार टाउन हॉलमधून चालायचा. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८६२ साली पदवीधर झाले, तेव्हा मनोरा सोडाच, त्याचा आराखडाही झालेला नव्हता. विद्यापीठ मनोऱ्यामुळे मोठं होत नाही, हे इथे लक्षात ठेवलेलं बरं.

तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. तिथला कापूस अडकल्यामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस हवा होता. वऱ्हाड, खानदेश, गुजरात इथून गाठी मुंबई बंदरात येऊ लागल्या आणि शहरात पैशाचा पूर आला. त्या पैशावर शेअरचं वेड उभं राहिलं. समुद्रात भराव घालायला निघालेल्या बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. या बाजाराचे राजे होते प्रेमचंद रायचंद. १८६४ मध्ये त्यांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि नंतर मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला, जुलै १८६५ मध्ये बाजार बसला. प्रेमचंद बुडाले आणि पुढे जुनी बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. विद्यापीठाला दिलेले पैसे तेवढे वाचले.

त्या काळात कापूस पिकवणाऱ्याच्या हातात काय उरलं? तेजीत सावकाराने सढळ हाताने कर्ज दिलं होतं, मंदीत त्याने हात आखडला आणि वसुली लावली. या साचलेल्या कर्जाचा भडका मे १८७५ मध्ये उडाला. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. इकडे मुंबईत तेव्हा मनोऱ्याचं बांधकाम चालू होतं.

इमारतीचा नकाशा काढला लंडनच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी, मुंबईत कधीही पाऊल न ठेवता. १ मार्च १८६९ रोजी पायाभरणी झाली आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये काम पुरं झालं. खर्च साडेपाच लाखांच्या आसपास आणि उंची २८० फूट. त्या काळी शहरात याहून उंच काही नव्हतं. वरच्या बाजूला पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जाति-जमातींच्या माणसांचे पुतळे बसवले, जणू संग्रहालयातले नमुने मांडावेत तसे. घड्याळातून सोळा धुना वाजायच्या. 'रूल ब्रिटानिया' त्यात होती, इंग्लंडचं राष्ट्रगीत होतं आणि 'होम स्वीट होम'ही होतं. घराची आठवण अर्थातच साहेबाच्या घराची.

म्हणजे नकाशा साहेबाचा, गाणी साहेबाची आणि खाली चाललेल्या माणसांची जातवार वर्गवारी. या मनोऱ्याला सरकारचा भोंगा म्हटलं असतं तर चुकलं नसतं. म्हणूनच पुढचं जे घडलं ते महत्त्वाचं आहे.

तबकडीवरचा अंधार

आज आपण सगळे एकाच वेळेने चालतो. फोन ती वेळ आपोआप लावून देतो आणि आपल्याला त्यात काही निवड आहे असं वाटतही नाही. एकोणिसाव्या शतकात प्रत्येक शहराची वेळ वेगळी होती. डोक्यावर सूर्य आला की बारा वाजले, असा तो साधा हिशेब. मद्रास मुंबईच्या पूर्वेला असल्यामुळे तिथे मुंबईपेक्षा साधारण अर्धा तास आधी बारा वाजायचे. रेल्वेला एकच वेळापत्रक हवं होतं, म्हणून तिने मद्रासची वेळ घेतली. १८८१ च्या अखेरीला गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या सरकारने मुंबईतल्या सरकारी कचेऱ्यांनाही तीच वेळ लावली. हुकूम निघाला आणि शहर अर्ध्या तासाने पुढे ढकललं गेलं. शहराला विचारलं कुणीच नव्हतं.

मुंबईकरांनी ते मानलं नाही. व्यापारी, वर्तमानपत्रं, शहरातले पुढारी सगळे कुरकुरू लागले. एकाच शहरात दोन वेळा चालू लागल्या. अशा वेळी सगळ्यांच्या नजरा जातील असं घड्याळ एकच होतं, ते म्हणजे विद्यापीठाच्या मनोऱ्यावरचं. ते मद्रासची वेळ दाखवणार की मुंबईची?

१८८३ मध्ये हा प्रश्न विद्यापीठाच्या सिनेटपुढे आला. सिनेटने मतदान करून ठरवलं की, राजाबाई टॉवरचं घड्याळ मुंबईची वेळ दाखवील. सरकारचं उत्तर बघण्यासारखं आहे. हे घड्याळ अनधिकृत वेळ दाखवतं, तेव्हा रात्री त्याच्या तबकड्या उजळण्याचा खर्च आम्ही देणार नाही, असं सरकारने कळवलं.

यात काय काय आहे ते बघा. जिला सरकार अनधिकृत म्हणत होतं, ती वेळ शहरातल्या लाखो माणसांच्या डोक्यावरच्या सूर्याची होती. विद्यापीठाने ना मोर्चा काढला, ना घोषणा दिल्या. त्याच्या हातात एक घड्याळ होतं आणि एक ठराव होता. सरकारच्या हातात पैसा होता, तो त्याने थांबवला. विद्यापीठाचा अनुदानावरून गळा आवळण्याची जी पद्धत आज आपल्याला पाठ झाली आहे, तिचा एक जुना नमुना या मनोऱ्यावर सापडतो. तरी सिनेटचा ठराव झाला तो झालाच. मद्रासची वेळ मुंबईवर लादण्याचा तो प्रयत्न शेवटी फसला आणि शहर पुढची वीसहून जास्त वर्षं स्वतःच्या वेळेने चाललं.

इथे कुणी म्हणेल, त्या सिनेटचं एवढं कौतुक कशाला? त्यात सरकारने नेमलेले साहेब होते, शेठ होते, वकील होते. शेतकऱ्याचा, गिरणी कामगाराचा, दलिताचा, बाईचा आवाज तिथे नव्हता. हे शंभर टक्के खरं आहे. ती सिनेट लोकांची नव्हती. पण म्हणूनच आपण जास्त ओशाळलं पाहिजे. सरकारनेच नेमलेल्या लोकांचा भरणा असलेली, साहेबाच्या राज्यातली सिनेट सरकारला नाही म्हणू शकली. आपल्याकडे आता संविधान आहे, मतदान आहे, आरक्षण आहे, प्रत्येक घटकाला प्रतिनिधी देणारा कायदा आहे. मग आपल्या विद्यापीठाच्या तोंडून 'नाही' हा शब्द शेवटचा कधी ऐकला?

कर्झनचे दोन निर्णय

सरकारं असल्या गोष्टी विसरत नसतात. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनच्या काळात दोन गोष्टी लागोपाठ ठरल्या. त्या एकत्र ठेवून बघितल्या की चित्र साफ होतं.

पहिली, १९०४ चा विद्यापीठ कायदा. सिनेटची सभासदसंख्या मर्यादित झाली. मुंबईसारख्या जुन्या विद्यापीठात जास्तीत जास्त शंभर सभासद, त्यात निवडून आलेले फक्त वीस. बाकीच्यांत सरकारने नेमलेल्यांचंच वजन राहील अशी व्यवस्था. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात या विधेयकाला कसून विरोध केला, पण बहुमत सरकारचं होतं.

दुसरी, भारतीय प्रमाणवेळ. १ जानेवारी १९०६ पासून मुंबईचं घड्याळ ३९ मिनिटं पुढे गेलं. आधी विद्यापीठांची तोंडं बांधली आणि मग घड्याळाचे काटे फिरवले, असं मी म्हणणार नाही. दोन्ही निर्णयांची कारणं वेगळी होती. पण स्वभाव एकच होता: वर ठरवायचं आणि खाली कळवायचं.

या वेळी सगळ्यात आधी पेटले ते गिरणी कामगार. जानेवारी १९०६ मध्येच जेकब ससून गिरणीच्या कामगारांनी नव्या वेळेविरुद्ध काम बंद पाडलं आणि दंगा केला. फोर्टातल्या वकिलाला ३९ मिनिटं म्हणजे चहाचा एक कप. कामगाराला ती पहाटेची झोप होती. गिरणीचा दरवाजा नव्या घड्याळाने उघडणार म्हणजे चाळीतून अंधारात निघायचं, जागं राहायचं ते जुन्याच सूर्याने. वेळ सगळ्यांची सारखी जात नाही, हे त्या कामगारांना कुठल्याही विद्यापीठात न जाता कळलं होतं. पुढे महापालिकेतही या वेळेवरून खडाजंगी झाली आणि पालिकेच्या घड्याळांत मुंबईची वेळ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं टिकून राहिली.

प्रमाणवेळ नको, असं माझं म्हणणं नाही. गाड्या, विमानं, परीक्षा, क्रिकेटची मॅच, हे सगळं एका वेळेने चालायला हवं. उद्या कुणी 'मुंबईची वेळ परत आणा' असा हॅशटॅग चालवला तर मी त्यात नाही. मला त्या भांडणातला एवढाच प्रश्न हवा आहे: वेळ कुणी ठरवायची, आणि ती चुकली तर किंमत कुणी मोजायची? हा प्रश्न आजही शिळा झालेला नाही. तो आता निकालाच्या रूपाने येतो.

लेट फी फक्त तुम्हालाच

परीक्षेचा फॉर्म भरायला एक दिवस उशीर झाला तर काय होतं, हे तुम्हाला माहीत आहे. विलंब शुल्क. आणखी उशीर झाला तर अतिविलंब शुल्क. परीक्षेच्या हॉलवर ठरावीक वेळेनंतर पोचलात तर दार बंद. लोकल बंद पडली होती, पाणी तुंबलं होतं, ही कारणं दारावरच्या माणसाला सांगून बघा. विद्यार्थ्याच्या वेळेला विद्यापीठ मिनिटाचा हिशेब लावतं.

आता उलट बाजू. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ सालचा आहे. त्याने सांगितलंय की परीक्षा संपल्यापासून तीस दिवसांत निकाल लावावा, आणि कसंही झालं तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत. कायद्याला वर्षही उलटलं नव्हतं तेव्हा, २०१७ च्या उन्हाळ्यात, मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचा निर्णय घाईने राबवला. सतरा लाखांहून जास्त उत्तरपत्रिका, ४७७ परीक्षा, आणि तयारी नाही. जूनमध्ये लागायचे निकाल जुलैत लागेनात. कुलपती असलेल्या राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, तीही उलटली. काही निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले. १८ जुलैला विद्यापीठाला १६० वर्षं पूर्ण झाली, तेव्हा त्याची मुलं निकालाच्या वेबसाइटवर रिफ्रेश करत बसली होती. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर केलं गेलं.

कुलगुरू गेले, पण मुलांचं काय? पुढच्या शिक्षणाचे प्रवेश, परदेशातल्या जागा, हातात आलेली नोकरी, या सगळ्यांच्या तारखा विद्यापीठासाठी थांबल्या नाहीत. ज्याच्या घरी पैसा होता त्याने एक वर्ष निभावून नेलं. ज्याच्या घरी पहिल्यांदाच कुणी पदवीपर्यंत पोचलं होतं, त्याच्यासाठी ते वर्ष १९०६ च्या कामगाराच्या पहाटेसारखंच होतं. ते त्याच्या खिशातून गेलं, झोपेतून गेलं. त्या वर्षाचं विलंब शुल्क विद्यापीठाने कुणाला दिलं?

'तो एक अपवाद होता' असं सांगतात. अपवाद होता तो गोंधळाच्या आकारात. मुंबईच कशाला, महाराष्ट्रातल्या कुठल्याही विद्यापीठातल्या मुलांना विचारा. रखडलेला निकाल, राखून ठेवलेला निकाल, गैरहजर दाखवलेला हजर विद्यार्थी, पुनर्मूल्यांकनाचा निकाल येईपर्यंत उजाडलेली पुढची परीक्षा. प्रत्येक बॅचला यातलं काहीतरी पाठ आहे. 'विद्यार्थी खूप, महाविद्यालयं खूप, यंत्रणा अपुरी' हे कारणही खरं आहे. पण मुलगा लोकल बंद पडल्याचं खरं कारण सांगतो तेव्हा ते चालत नाही. मग यंत्रणा बंद पडल्याचं कारण का चालावं?

आणि हे सगळं होत असताना फोर्टातला मनोरा मात्र झळाळत होता. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या पैशातून त्याची आणि ग्रंथालयाची दुरुस्ती २०१५ मध्ये पुरी झाली. रंगीत काचा उजळल्या, दगड स्वच्छ झाला. २०१८ मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या ९४ इमारतींच्या समूहाला युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं. त्यात हा मनोरा आहे. ते काम उत्तमच झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. दगडाची निगा राखायला हवीच. पण दर पाव तासाला घंटा वाजवणाऱ्या विद्यापीठाला कायद्यातले पंचेचाळीस दिवस मोजता येत नसतील, तर ते घड्याळ शोभेचं आहे.

ज्या सिनेटने ठराव केला होता

१८८३ ला घड्याळाचा ठराव करणारी सिनेट आजही आहे. विद्यापीठाचा अर्थसंकल्प तिच्यापुढे येतो, वार्षिक अहवाल येतो, सभासद प्रश्न विचारू शकतात. तिच्यात नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून द्यायच्या दहा जागा आहेत. म्हणजे निकालाची रखडपट्टी स्वतः भोगलेला माणूस जिथे जाऊन जाब विचारू शकतो, अशी ती जागा.

आधीच्या सिनेटची मुदत २०२२ मध्ये संपली. पदवीधरांच्या निवडणुकीचा कार्यक्रम ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर झाला आणि काही दिवसांतच स्थगित झाला. पुढे सप्टेंबर २०२४ ची तारीख ठरली, तीही मतदानाच्या तोंडावर स्थगित झाली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, न्यायालयाने स्थगिती रोखली आणि २४ सप्टेंबरला मतदान झालं. उच्च न्यायालयाची इमारत विद्यापीठाला खेटूनच आहे. मनोऱ्याच्या घंटा तिथे ऐकू जातात. विद्यापीठाला स्वतःच्या निवडणुकीची वेळ मात्र शेजारच्या इमारतीतून ऐकावी लागली.

कॉलेजांतल्या निवडणुकांचीही तीच कथा. १९९४ च्या कायद्याने विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका बंद केल्या. २०१६ च्या कायद्याने त्या परत आणल्या. २०१९ मध्ये होणार म्हणून जाहीर झालं आणि पुढे ढकलल्या गेल्या. विद्यार्थ्याने ठरावीक वेळेत फॉर्म भरायचा, फी भरायची, पेपर लिहायचा. पण त्याच्या मताची वेळ आली की तारीख पुढची.

'सिनेट म्हणजे पक्षांचा आखाडा झालाय, तिथून काय मिळणार?' असा सूर ऐकू येतो. पक्ष तिथे आहेत, भांडणं आहेत, फोटोसाठी केलेली आंदोलनंही आहेत. पण सिनेट रिकामी ठेवल्याने राजकारण थांबत नाही. ते बंद खोलीत जातं आणि तिथे प्रश्न विचारणारं कुणी नसतं. कर्झनलाही सिनेटमधली गर्दी आणि भाषणबाजी खुपत होती. त्याने काढलेला उपाय आपण वर पाहिला.

मागणी

तर मग करायचं काय? माझ्या मागण्या चार आहेत आणि एकीलाही युनेस्कोची परवानगी लागत नाही.

पहिली: उलटी लेट फी. पंचेचाळीस दिवसांनंतर निकालाला जितका उशीर होईल, तितकं विलंब शुल्क विद्यापीठाने प्रत्येक विद्यार्थ्याच्या खात्यात भरावं. दर तोच ठेवा, जो विद्यार्थ्याला लावता. कायद्यात मुदत आहे, मुदत चुकल्याची किंमत नाही. किंमत नसलेल्या मुदतीला कुणी घाबरत नाही.

दुसरी: प्रत्येक परीक्षेचा शेवटचा पेपर कधी झाला, पंचेचाळिसावा दिवस कोणता आणि निकाल कधी लागला, या तीन तारखा विद्यापीठाच्या वेबसाइटच्या पहिल्याच पानावर. पत्रकाराला माहितीचा अधिकार वापरायला लावू नका.

तिसरी: सिनेट आणि विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकीची तारीख कायद्यानेच ठरलेली असावी, एका परिपत्रकाने हलणारी नसावी.

चौथी, सगळ्यात स्वस्त: मनोऱ्याच्या पायथ्याशी एक पाटी. १८८३ मध्ये या विद्यापीठाच्या सिनेटने सरकारच्या वेळेऐवजी शहराची वेळ दाखवायचं ठरवलं आणि सरकारने दिव्याचे पैसे थांबवले, एवढी दोन वाक्यं, मराठीत. आज मनोऱ्यावर सर्वसामान्य माणसाला जाता येत नाही. निदान पायथ्याशी उभं राहून त्याला खरी गोष्ट वाचता यावी.

या चारांत पहिली मागणी सगळ्यात हास्यास्पद वाटेल, याची मला कल्पना आहे. विद्यापीठाने विद्यार्थ्याला दंड द्यायचा? पण ती हास्यास्पद का वाटते, याचा विचार करा. विद्यार्थ्याची वेळ फुकट असते, हे आपण फार आधीच मान्य करून बसलोय. रांगेत उभं राहायचं, खिडकी बंद झाली की उद्या यायचं, 'सर्व्हर डाउन' वाचून निमूट फोन खिशात टाकायचा. आपल्याला या वेळेची इतकी सवय झाली आहे की तीच अधिकृत वाटते आणि आपली अनधिकृत.

१८८३ मध्येही सरकारला हेच म्हणायचं होतं. तेव्हा विद्यापीठाने ते ऐकलं नाही. आज विद्यापीठच सरकारच्या जागी बसलं आहे आणि सिनेटच्या जागी आपण आहोत. पुढच्या वेळी निकाल लांबला की शेवटच्या पेपरची तारीख काढा, पंचेचाळीस दिवस मोजा आणि शेहेचाळिसाव्या दिवशी परीक्षा विभागाला एका ओळीचा मेल करा: 'आमचं विलंब शुल्क कधी जमा होणार?' एकाने केला तर कुणी उत्तर देणार नाही. वर्गातल्या साठ जणांनी केला, विद्यापीठातल्या साठ हजारांनी केला, तर उत्तर द्यावं लागेल.